महिलांची उपस्थिती लक्षणीय होती



गेल्या महिन्यात आमच्या कल्याणच्या खोलीतलं लोखंडी कपाट आवरायला काढलं. कपाटात कात्रणांच्या फायली आहेत. ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर अशा गावांच्या नावांच्या. काही कात्रणं पिवळी पडून हातात तुटायला लागली आहेत. ‘टाकायचं की ठेवायचं’ हे ठरवण्यासाठी आम्ही चौघीजणी जमिनीवर बसलो आणि एकेक कात्रण मोठ्यानं वाचू लागलो. महाआरती, शोभायात्रा, हळदीकुंकू, उरूस, दहीहंडी, धर्मसभा. तासाभरानं आमच्यातली एक हसायलाच लागली. म्हणाली, “अगं, शेवटचं वाक्य वाचायची गरजच नाही. मी न बघता सांगते.” आणि खरंच, बहुतेक बातम्यांचा शेवट तोच होता: ‘महिलांची उपस्थिती लक्षणीय होती.’

लक्षणीय म्हणजे लक्षात घेण्याजोगी. पण त्या बायका कोण होत्या, कुठून आल्या होत्या, त्यांना काय वाटत होतं, यातलं बातमी लिहिणाऱ्याच्या लक्षात काहीच राहिलेलं नव्हतं. व्यासपीठावरच्या पुढाऱ्याचं नाव विशेषणासकट होतं. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला बसलेल्यांची नावं होती. ज्या शेकडो बायकांमुळे मैदान भरलं, त्यांच्या वाट्याला हे एक वाक्य आलं होतं.

या अंकाचं संपादकीय लिहायची पाळी माझी. धर्माच्या नावानं राजकारण करणाऱ्या पुढाऱ्यांबद्दल वर्तमानपत्रं आणि वाहिन्या कसं लिहितात-बोलतात, हा विषय आम्ही बैठकीत ठरवला तेव्हा एका तरुण मैत्रिणीनं विचारलं, “यात स्त्रियांचा प्रश्न कुठे आला?” तिला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. ते आता इथे देते.

सुरुवात आपल्याच घराजवळून करू. ठाण्यात ‘धर्मवीर’ म्हटलं की पुढचं नाव सांगावं लागत नाही. आनंद दिघे शिवसेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख होते. ते कधी आमदार झाले नाहीत, खासदार झाले नाहीत, नगरसेवकही नाहीत. पण टेंभी नाक्यावरच्या आनंदाश्रमात रात्री उशिरापर्यंत माणसांची रांग असे आणि त्या रांगेत बायका मोठ्या संख्येनं असत. कुणाच्या मुलाचा शाळाप्रवेश, कुणाचं दवाखान्याचं बिल, कुणाचा दारुडा नवरा. राखीपौर्णिमेला राख्या बांधायला बायका येत. टेंभी नाक्याच्या नवरात्रातल्या देवीला तर त्या आजही जातात. हे सगळं खरं आहे आणि ते नाकारण्यात काही पुरोगामीपणा नाही.

दुसऱ्या बाजूचंही तितकंच खरं आहे. मलंगगडाचं आंदोलन आणि दुर्गाडी किल्ल्यावरचा घंटानाद ही त्यांच्या राजकारणाची मोठी ओळख होती. १९८९ साली ठाण्यातले शिवसेनेचे नगरसेवक श्रीधर खोपकर यांचा खून झाला. त्या प्रकरणात दिघ्यांना ‘टाडा’खाली अटक झाली, पुढे जामीन मिळाला. गुन्हा त्यांच्यावर शाबीत झाला नाही, हेही इथे लिहिलं पाहिजे. २००१ च्या ऑगस्टमध्ये अपघातानंतर ते रुग्णालयात असताना २६ तारखेला त्यांचं निधन झालं आणि जमावानं ते सिंघानिया रुग्णालय जाळलं. आत रुग्ण होते. त्यांना घाईघाईनं बाहेर काढावं लागलं.

त्या दिवसाबद्दल गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मी पुष्कळ वाचलं. रडणाऱ्या कार्यकर्त्यांबद्दल वाचलं, अंत्ययात्रेच्या गर्दीबद्दल वाचलं. जाळपोळीच्या वर्णनात ‘संताप’ आणि ‘भावनांचा उद्रेक’ हे शब्द किती वेळा भेटले, त्याची गणती नाही. पण त्या रुग्णालयातल्या एखाद्या परिचारिकेनं त्या रात्री काय केलं, सलाईन हातात धरून कुणाला जिना उतरावा लागला, एखाद्या बाळंतिणीचं काय झालं असेल, हे मला आजवर कुठे वाचायला मिळालेलं नाही. मी डोंबिवलीत राहते. घटना वीस किलोमीटरवरची. आग लावणाऱ्यांच्या भावना मला तपशिलानं माहीत आहेत आणि आगीतून बाहेर पडलेल्यांच्या माहीत नाहीत. ‘भावना’ हा शब्द कुणासाठी राखून ठेवायचा, हे ठरवतानाच बातमीचा कल ठरून जातो.

पुढे सिनेमा आला. ‘धर्मवीर’ हा चित्रपट १३ मे २०२२ रोजी लागला. जूनच्या अखेरीस दिघ्यांचे शिष्य म्हणवणारे एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. दुसरा भाग २७ सप्टेंबर २०२४ ला आला आणि विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला झालं. सिनेमा काढणाऱ्यांनी कोणाचा सिनेमा काढावा हा त्यांचा प्रश्न. माझी तक्रार वेगळी आहे. सिनेमा सिनेमासारखा लिहिलेला असतो. त्यातला प्रसंग घेऊन त्यालाच इतिहास म्हणून बातमीत वापरायचं, आणि विशेषण तर अवतरणचिन्हाशिवाय नावाला चिकटवून टाकायचं, हे पत्रकारिता करणाऱ्यांनी करू नये. पक्षाच्या मुखपत्रानं ते केलं तर वाचकाला माहीत असतं की हे मुखपत्र आहे. ‘सामना’ १९८८ साली सुरू झाला तो शिवसेनेचं मुखपत्र म्हणूनच. त्यात लपवाछपवी नव्हती. स्वतःला तटस्थ म्हणवणाऱ्या पत्रानं तीच विशेषणं वापरली की वाचकाची फसगत होते.

विशेषणांचा हा खेळ फक्त एका पक्षाचा किंवा एका धर्माचा नाही. कात्रणं वाचताना आम्ही एक प्रयोग केला. नावांवर कागदाच्या पट्ट्या ठेवल्या आणि उरलेले शब्द वाचले. ‘हृदयसम्राट’, ‘गुरुजी’, ‘महाराज’, ‘परमपूज्य’, ‘मौलाना साहेब’, ‘धर्मगुरू’. पुरुषांच्या नावांना आदराचे शब्द. बायकांच्या नावांना? ‘फायरब्रँड साध्वी’, ‘आक्रमक रणरागिणी’, ‘बुरखाधारी महिला’, ‘नऊवारीतल्या बुलेटस्वार तरुणी’. पुरुषाला पदवी आणि बाईला पोशाख. साध्वी ऋतंभरांच्या भाषणांच्या कॅसेटी नव्वदच्या सुमारास गावोगाव वाजत होत्या. त्यांत मुसलमानांबद्दल काय विष होतं, याच्याइतकीच चर्चा ‘बाई असून असं बोलते’ याची झाली. आम्हालाही त्या कॅसेटींचा तितकाच राग आला होता. पण द्वेषाची भाषा द्वेषाची म्हणून मोजा, बाई आहे म्हणून तिचं नवल करू नका.

आमच्या डोंबिवलीचं उदाहरण घ्या. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा इथल्या गणेश मंदिर संस्थानानं १९९९ साली सुरू केली. पुढे ती ठाण्यात, गिरगावात, सगळीकडे पसरली. आमच्या गटातल्या काहीजणी त्यात हौसेनं चालतात, लेझीम खेळतात, आणि मला त्यात गैर वाटत नाही. वर्षाकाठी एक सकाळ रस्ता बायकांचा होतो, हे थोडं नाही. पण दुसऱ्या दिवशीचा पेपर उघडा. पहिल्या पानावर फेटा बांधलेल्या मुलीचा फोटो आणि आत यात्रेत चाललेल्या पुढाऱ्यांची भाषणं. फोटोतल्या मुलीचं नाव नाही. तिला रोज संध्याकाळी स्टेशनवरून घरी यायला रिक्षा मिळते का, आठ सत्तावन्नच्या लोकलच्या दारात तिला उभं राहता येतं का, हे कुणी विचारलेलं नाही. पुढाऱ्याच्या धर्माभिमानाला ती चौकट म्हणून चालते.

आता दोन प्रसंग २०२२ सालचे सांगते. दोन्ही एकाच महिन्यातले.

२ नोव्हेंबरला मंत्रालयात एका महिला वार्ताहरानं संभाजी भिडे यांना प्रश्न विचारला. त्यांनी उत्तर दिलं नाही. आधी कुंकू लाव, मग बोलतो, असं सांगितलं. प्रत्येक स्त्री भारतमातेचं रूप आहे आणि भारतमाता विधवा नाही, असा त्यांचा युक्तिवाद. राज्य महिला आयोगानं नोटीस पाठवली. वाहिन्यांवर दोन दिवस चर्चा झाली. चर्चा कशाची? टिकली लावावी की न लावावी याची. एका बाजूला संस्कृतिरक्षक, दुसऱ्या बाजूला आधुनिक बाई, मध्ये ओरडणारा निवेदक. त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद करण्याचा ठराव केला होता. राज्य सरकारनं त्याचं उदाहरण इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवणारं परिपत्रक काढलं होतं. सहा महिन्यांच्या अंतरानं, सरकारच्याच मुख्यालयात, विधवा हा शब्द अपमान म्हणून वापरला गेला. या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवायला फार मोठी बुद्धी लागत नाही. आमच्या फायलीतल्या कात्रणांत तरी त्या शेजारी आलेल्या दिसल्या नाहीत. उलट ‘भिडे गुरुजींचं वादग्रस्त वक्तव्य’ हाच मथळा पुनःपुन्हा. एका वार्ताहर बाईला तिचं काम करू दिलं नाही, ही खरी बातमी. ‘वादग्रस्त’ म्हटलं की दोन्ही बाजू सारख्या ठरतात आणि बातमी देणाऱ्याची सुटका होते.

दुसरा प्रसंग ठाण्याचाच. २५ नोव्हेंबरला रामदेवबाबांचं योगशिबिर होतं. व्यासपीठावर राजकारणातली मोठी माणसं होती. समोर योग करायला आलेल्या बायका. त्या साड्या बरोबर घेऊन आल्या होत्या आणि बदलायला वेळ मिळाला नव्हता. त्यावरून बोलताना बाबा म्हणाले की बायका साडीत छान दिसतात, सलवार-सूटमध्ये छान दिसतात आणि काही नाही घातलं तरी छान दिसतात. पुन्हा आयोगाची नोटीस, मग माफी. २५ नोव्हेंबर हा जगभर स्त्रियांवरील हिंसाचाराच्या विरोधाचा दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवसाची आमची प्रसिद्धिपत्रकं वर्षानुवर्षं पेपरांच्या कचेऱ्यांत जातात आणि आतल्या पानाच्या कोपऱ्यात, जागा उरलीच तर, तीन ओळी छापून येतात.

मला खटकलं ते आणखी वेगळं. बातम्यांत व्यासपीठावरच्यांच्या प्रतिक्रिया होत्या, विरोधी पक्षांच्या होत्या. समोर सतरंजीवर बसलेल्या बायकांच्या मला कुठे सापडल्या नाहीत. ज्यांच्याबद्दल बोललं गेलं त्या तिथेच होत्या. ठाण्यातल्या बायका. कुणी हसल्या असतील, कुणी मान खाली घातली असेल, कुणाला घरी येऊन चीड आली असेल. वार्ताहराला फक्त वळून बघायचं होतं.

आता मुसलमान पुढाऱ्यांबद्दल. इथे कल उलटा दिसतो पण मूळ एकच आहे. वाहिन्यांना मुस्लिम समाजाचं मत हवं असलं की त्या दाढीवाल्या दोन गृहस्थांना बोलावतात. जणू समाजानं त्यांना निवडून दिलंय. मग त्यांचं मागासलेपण दाखवून अँकर विजयी होतो, आणि त्यांचाही भाव समाजात वाढतो. दोघांचं साधतं. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंच्या पुढाकारानं सात मुस्लिम बायकांनी तोंडी तलाकच्या विरोधात मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. फक्त सातजणी, पण त्यांच्या मागणीला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मिळायला २२ ऑगस्ट २०१७ उजाडलं. मधल्या एक्कावन्न वर्षांत मुस्लिम बाई पेपरात येत राहिली ती बुरख्यातला फोटो म्हणून किंवा दंगलीनंतर रडणारी म्हणून. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या कार्यकर्त्या हाजी अलीच्या मजारीपर्यंत जाण्याच्या हक्कासाठी उच्च न्यायालयात लढल्या आणि २०१६ साली जिंकल्या. त्याच वर्षी शनिशिंगणापूरचा चौथरा स्त्रियांना खुला झाला. तोही नुसत्या धक्काबुक्कीनं नव्हे. विद्याताई बाळ आणि नीलिमा वर्तक यांनी याचिका केली होती आणि १ एप्रिल २०१६ ला उच्च न्यायालयानं स्त्रियांचा प्रवेशाचा हक्क मान्य केला होता. कॅमेरे मात्र चौथऱ्याजवळच्या झटापटीकडे. एका ठिकाणी ‘हिंदू परंपरेवर घाला’, दुसऱ्या ठिकाणी ‘मुस्लिम कट्टरतेला चपराक’. दोन्हीकडे बायका एकच गोष्ट मागत होत्या, ती बातमीत दोन वेगळ्या गोष्टी झाली.

शब्द कसे बाजू घेतात याचा धडा आपल्या मलंगगडावर मिळतो. कल्याणहून बसनं पायथ्याशी जायचं आणि चढायचं. मी लहानपणी आजीबरोबर गेले आहे. आजी त्याला ‘मलंगबाबा’ म्हणायची. पेपरात मात्र जागेचं नाव लिहिलं की बाजू ठरते: ‘हाजीमलंग’ की ‘श्रीमलंगगड’. त्या स्थानाचे वंशपरंपरेनं वहिवाटदार कल्याणचे केतकर, म्हणजे ब्राह्मण घराणं. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयानं त्या स्थानाबद्दलच्या दाव्यात सांगितलं की हे स्थान संमिश्र आहे, निव्वळ हिंदू किंवा निव्वळ मुस्लिम कायदा त्याला लावता येत नाही, त्याच्या स्वतःच्या रूढीनं किंवा न्यासांच्या सर्वसाधारण कायद्यानंच त्याचा कारभार चालला पाहिजे. केवढी शहाणपणाची गोष्ट! जानेवारी २०२४ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी मलंगगडाच्या मुक्तीची भाषा केली, तेव्हा ती बातमी सगळीकडे झाली. १९५४ चा निकाल बातमीच्या पोटात किती ठिकाणी आला, हे तुम्हीच आपापली कात्रणं काढून बघा. आणि माघी पौर्णिमेच्या बंदोबस्तात चादरी-फुलांच्या दुकानांवर बसणाऱ्या बायकांच्या धंद्याचं काय होतं, नवस फेडायला आलेल्या हिंदू-मुसलमान बायका एकमेकींशी काय बोलतात, हे लिहायला गड चढावा लागतो. पुढाऱ्याचं भाषण पायथ्याशीच मिळतं.

एवढं सगळं आम्ही नुसतं नावं ठेवण्यासाठी सांगतोय का? नाही. यात माणसांचे जीव अडकतात. याच जिल्ह्यात भिवंडीत १९७० आणि १९८४ साली दंगली झाल्या. १९९२-९३ च्या मुंबईच्या दंगलींवर न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगानं १९९८ साली दिलेला अहवाल महाआरत्यांबद्दल आणि भडक लिखाणाबद्दल काय म्हणतो, ते वाचण्यासारखं आहे. त्या जानेवारीत आमच्या इमारतीच्या गच्चीवर आम्ही बायकांनी तिखटाच्या पुड्या आणि विटांचे तुकडे जमवले होते. ‘ते येणार आहेत’ असं ऐकलं होतं म्हणून. कोण ‘ते’, कुठून येणार, कुणी विचारलं नाही. पुढच्याच गल्लीतली मुसलमान बाई, जिच्याकडे मी ब्लाउज शिवायला टाकायची, तीसुद्धा रात्रभर जागी होती, हे मला नंतर तिनंच सांगितलं. कुणी आलं नाही. पण मी त्या पुड्या बांधल्या होत्या, हे मी विसरलेले नाही. अफवा आणि बातमी यांच्यात फरक ठेवण्याचं काम ज्यांचं होतं त्यांच्यातल्या काहींनी ते केलं नाही, आणि आम्ही शिकल्या-सवरलेल्या बायकांनीही केलं नाही.

आता आणखी जवळची गोष्ट, जी सांगायला मला थोडं अवघड जातंय.

१९९७ सालची. कळव्याची एक बाई. नवरा मारायचा. ती एका पक्षाच्या शाखेत गेली. तिथल्या पुढाऱ्यानं नवऱ्याला उचलून आणलं, चार थोबाडीत दिल्या, सगळ्यांसमोर उठाबशा काढायला लावल्या, बायकोच्या पाया पडायला लावलं. एका स्थानिक पत्रात फोटोसकट बातमी आली. पुढाऱ्याच्या कपाळावर टिळा, मागे देवीची तसबीर आणि ‘तत्काळ न्याय’ अशा अर्थाचा मथळा. तीन आठवड्यांनी ती बाई आमच्या केंद्रात आली तेव्हा तिचा डावा हात मोडलेला होता. चारचौघांत झालेल्या अपमानाचं नवऱ्यानं घरी उट्टं काढलं होतं. पोलिसांकडे गेली तर “तुझं तर मिटलंय ना, पेपरात आलंय” असं ऐकायला मिळालं. आम्ही ४९८अ खाली तक्रार नोंदवून घेतली. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा तेव्हा नव्हता. मग मी त्या पत्राच्या वार्ताहराला फोन केला. म्हटलं, पुढचं छापा. तो म्हणाला, “बाई, ती बातमी झाली ना एकदा.”

मी चिडले. आमच्या अंकात त्यावर कडक लेख लिहिला. शाखेतला ‘न्याय’ म्हणजे कसा पुरुषी सत्तेचा खेळ, हे सांगितलं. लेख वाचून दाखवला तेव्हा ती बाई ऐकत राहिली आणि म्हणाली, “ताई, तुमचं बरोबर आहे. पण तुमचं हापिस मंगळवार-शुक्रवार चार ते सात. मला त्यानं मारलं रात्री साडेअकराला. शाखेचा दिवा चालू होता.”

ते वाक्य मी त्या लेखात घातलं नव्हतं. का घातलं नाही? कारण ते आमच्या मुद्द्याच्या आड येत होतं. म्हणजे आम्हीही तेच केलं, जे आम्ही पेपरवाल्यांच्या नावानं बोटं मोडत होतो. बाईला उदाहरण म्हणून वापरलं, तिचं म्हणणं गाळलं. मराठी पेपरांनी पुढाऱ्याभोवती प्रभावळ काढली. इंग्रजी पेपरांनी त्याला गुंड म्हणून रंगवलं आणि त्याच्याकडे जाणाऱ्या बायकांना अडाणी गर्दी ठरवलं. आम्ही स्त्रीमुक्तीवाल्यांनी त्यांना ‘जाणीव न झालेल्या’ म्हटलं. तिला विचारलं कुणीच नाही की बाई, तू तिथे का गेलीस? शिवसेनेतल्या बायका तिथे का जातात, त्यांना तिथे काय मिळतं आणि काय गमवावं लागतं, यावर अत्रेयी सेन आणि तारिणी बेदी या अभ्यासकांनी पुस्तकं लिहिली, तीही इंग्रजीत. ते काम मराठी पत्रकारितेनं आणि आपणही आधी करायला हवं होतं.

म्हणून त्या तरुण मैत्रिणीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. पुढाऱ्याभोवतीची प्रभावळ बायकांच्या गर्दीशिवाय उभी राहत नाही. पण गर्दीतली बाई बोलायला लागली तर ती प्रभावळ जशीच्या तशी राहत नाही. कदाचित ती त्याची स्तुतीच करेल. करू दे. पण त्या स्तुतीत पोलीस ठाण्याचं बंद दार असेल, रेशनचा खेटा असेल, आपल्या केंद्राचं कुलूपही असेल. मग पुढारी देव न राहता माणूस होईल आणि त्याला प्रश्न विचारता येतील.

पेपरवाल्यांची अडचण मला कळत नाही असं नाही. धमक्या खऱ्या असतात. ‘महानगर’वर १९९१ मध्ये आणि ‘आयबीएन-लोकमत’वर २००९ मध्ये झालेले हल्ले आपण पाहिले. स्थानिक पत्रांचा खर्च पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पानभर जाहिरातींवर निघतो. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर प्रेस कौन्सिलनं २०१० साली अहवालच दिला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराविरुद्ध लोक रुळांवर उतरले, तेव्हा वार्तांकन करणाऱ्या महिला पत्रकाराला एका स्थानिक पुढाऱ्यानं अत्यंत हीन भाषा वापरल्याची तक्रार झाली, गुन्हा नोंदला गेला. ती वार्ताहर आपलीच आहे. तिच्या बाजूनं उभं राहणं आणि तिच्या पत्राला जाब विचारणं, ही दोन्ही कामं एकाच वेळी करावी लागतील.

जाब कसा विचारायचा, तेही सांगून ठेवते. दैनिकातल्या बातमीबद्दल तक्रार असेल तर आधी संपादकाला लेखी पत्र पाठवायचं, त्याची प्रत ठेवायची. उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर प्रेस कौन्सिलकडे जायचं. बातमी छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत, कात्रणासकट. कौन्सिल दंड करू शकत नाही. समज देऊ शकतं, ठपका ठेवू शकतं. अयोध्येच्या वार्तांकनाबद्दल १९९१ साली काही हिंदी दैनिकांवर तसा ठपका ठेवला गेला होता. वाहिन्या मात्र कौन्सिलच्या कक्षेत येत नाहीत. त्यांची तक्रार आधी त्या वाहिनीकडेच करावी लागते. हत्यार बोथट आहे हे मान्य, पण एकेकटीनं चिडून पेपर फेकून देण्यापेक्षा दहाजणींनी सह्या केलेलं पत्र बरं. संपादक मंडळी पत्रं मोजतात.

पुढच्या अंकापासून आम्ही एक सदर सुरू करतोय. नाव आहे ‘लक्षणीय उपस्थिती’. तुम्ही ज्या कार्यक्रमाला गेलात, मग ती आरती असो, उरूस असो, हळदीकुंकू असो की योगशिबिर, त्याबद्दल एक पानभर लिहून पाठवा. का गेलात, कुणी बोलावलं, काय मिळालं, काय खटकलं. सोबत त्याच कार्यक्रमाची पेपरातली बातमी जोडा. पुढाऱ्याला शिव्या देणं सक्तीचं नाही, त्याची आरती ओवाळणंही नाही. सही करायची भीती वाटत असेल तर नाव आम्ही छापणार नाही.

आणि हो, गेल्या महिन्यापासून आपलं कल्याणचं केंद्र आठवड्यातून तीन रात्री अकरापर्यंत उघडं असतं. चौघीजणींनी पाळ्या वाटून घेतल्या आहेत. अजून दोघी मिळाल्या तर रोज उघडं ठेवता येईल. शनिवारी बैठक आहे. येताना कात्री घेऊन या, दोन फायली अजून उरल्या आहेत.

तुमची,
संपादक मंडळाच्या वतीने